भिडेचा एक गुण

कारखान्याच्या मागच्या अंगाला दोनशे मीटर लांबीचा बोगदा आहे. भिंती काळ्या, छत काळं. जमिनीवर मात्र खराखुरा डांबरी रस्ता आणि मधोमध पांढरा पट्टा. बाहेर गोतेम्बा गावाचं जानेवारीतलं ऊन असतं, फुजी पर्वतावर बर्फ असतं. आत कायमची रात्र. त्या रात्रीच्या एका टोकाला जुनी पांढरी गाडी उभी असते आणि तिच्यात फुमिए कात्सुमाता बसलेली असते. एकतीस वर्षं ती तिथे बसते आहे.

बाकी सगळे दिव्याच्या मागे असतात. फुमिए दिव्याच्या पुढे.

तिचं काम सांगायला सोपं आहे. समोरून गाडीचा दिवा येतो. तिने त्याच्याकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं. कुठलाही गाडी चालवणारा बघतो तसं. दिवा बाजूने निघून गेला की डोळ्यांना किती त्रास झाला त्याचा आकडा सांगायचा. नऊ म्हणजे काहीच त्रास नाही. एक म्हणजे सोसवत नाही. सहा आणि त्याच्या वरचा दिवा पास. सहाच्या खालचा दिवा परत जातो, आणि ज्यांनी तो बनवला ते पुन्हा कामाला लागतात.

त्या मंगळवारी समोर लेझरचा दिवा होता. मसुरीच्या डाळीएवढी पिवळी चकती, तिच्यावर मागून निळा लेझर पडतो आणि पुढे पांढरा उजेड होऊन बाहेर येतो. सहाशे मीटरवरचं हरीण दिसतं. समोरून गाडी येताना कॅमेऱ्याला दिसली की उजेड आपोआप खाली यायचा, गाडी गेली की पुन्हा वर जायचा. किती खाली यायचा आणि किती वेळात वर जायचा, एवढाच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर फुमिएच्या आकड्यावर ठरणार होतं. शुक्रवारी त्यावर वरिष्ठांचा शिक्का बसणार होता, आणि मग तो दिवा लाखभर गाड्यांवर जाणार होता.

"कात्सुमाता-सान, तयार?" वायरलेसवरून ओशिकिरीचा आवाज आला. ओशिकिरी विभागप्रमुख. वय बेचाळीस, ओसाकाचा माणूस, येऊन नऊ महिने झालेले.

"तयार."

दिवा बसवलेली, रुळावरून धावणारी गाडी सुटली. दिवा आला, खाली झाला, बाजूने गेला आणि जाता जाता झटकन वर चढला. फुमिएच्या डाव्या डोळ्याच्या कडेला पाणी आलं. तिने ते रुमालाने टिपलं. पाच, ती मनात म्हणाली.

"सहा," ती तोंडाने म्हणाली.

"सहा. झकास. हाच कायम करतो."

फुमिए वाट बघत राहिली. काहीतरी राहिलं होतं. आधीचे प्रमुख सेरिझावा-सान आकडा ऐकला की "सहा. हं," म्हणायचे आणि तीन-चार सेकंद गप्प बसायचे. ते तेव्हा चहाचा घोट घेतात, असं तिला तीस वर्षं वाटत आलं होतं. ओशिकिरी गप्प बसतच नसे. आकडा तोंडातून निघायच्या आत त्याने लिहिलेला असे.

ही एकाची भर तिने कधी ठरवून घातली नव्हती. कामाला लागली त्या वर्षी तिने एका दिव्याला तीन सांगितले होते. तो दिवा बनवणारा इंजिनिअर आठवडाभर घरी गेला नव्हता. तो बोगद्यातून चालत तिच्या गाडीपर्यंत आला, डोक्यावरची टोपी काढली आणि कमरेत वाकून म्हणाला, "आपल्या डोळ्यांना त्रास दिला. माफी असावी." त्याच्या टोपीची खूण कपाळावर उमटलेली होती. त्यानंतर तिच्याने खरा आकडा सांगवला नाही. डोळा एक आकडा म्हणायचा आणि जीभ त्यात एक मिळवायची. कुणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर जेवण कसंही असलं तरी आपण छानच म्हणतो, तसं.

बुधवारी रस्त्यावरची चाचणी होती. कंपनीने भाड्याने घेतलेला जंगलातला जुना रस्ता, दोन्ही बाजूंना सुरूसारखी उंच झाडं. सांजावलं होतं. ओशिकिरी नव्या दिव्यांची गाडी घेऊन वरून निघाला, फुमिए कंपनीचा छोटा टेम्पो घेऊन खालून. गोतेम्बात धुकं यायला निमित्त लागत नाही. वळणावर ते पसरलेलंच होतं.

दिवा वळणावरून आला. बोगद्यात झाला होता तसाच खाली झाला, पण बोगद्यात धुकं नव्हतं. समोर भिंत उभी राहिल्यासारखं सगळं पांढरं झालं. गाडी बाजूने गेली, दिवा झटकन वर चढला आणि मागचं पेटलेलं धुकं आरशातून पुन्हा डोळ्यांत घुसलं. फुमिएने ब्रेक दाबला. टेम्पो रस्त्यातच थांबला. समोरचा पट्टा पुन्हा दिसायला लागेपर्यंत तिने मनात अकरा आकडे मोजले.

"कात्सुमाता-सान, थांबलात का?" वायरलेस म्हणाला.

"काही नाही. आरसा हलला होता."

हे माझं सहा आहे, असं तिच्या मनात आलं. हे उद्या कुणाच्या तरी आईसमोरून जाणार आहे.

घरी तादाओने मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप केलं होतं. तादाओ तिचा नवरा. हाकोनेच्या घाटात चौतीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मुलगी नागोयाला गेल्याला बारा वर्षं झाली, तरी तो बायकोला आई म्हणतो आणि ती त्याला बाबा. बस चालवताना सिग्नलला थांबला की तो मोठे दिवे बंद करून बारीक दिवे ठेवायचा, अजूनही ठेवतो. समोरच्याच्या घरात बूट घालून जाऊ नये तसं त्याच्या डोळ्यांतही उजेड घेऊन जाऊ नये, असं त्याचं म्हणणं.

फुमिएने त्याला सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तादाओने वाटी खाली ठेवली. "म्हणजे तू प्रत्येक गोष्टीत एक मिळवतेस."

"दिव्यांचं म्हणतेय मी, बाबा."

"परवा सुपाला किती दिले होतेस?"

"आठ."

"म्हणजे सात."

फुमिए वाटीत बघत राहिली.

"सहा?" तादाओ म्हणाला.

"सुपाचं नंतर निवांत बोलू. आधी दिव्याचं सांगा. शुक्रवारी शिक्का आहे. आत्ता तोंड उघडलं तर ते विचारतील, आजवरचे बाकीचे आकडे कसले होते? मार्चमध्ये मी निवृत्त होतेय. एकतीस वर्षांत माझ्या हातात दुसरं काही नाही. आकडेच आहेत."

"आणि नाही उघडलं तर?"

तादाओने सूप पुन्हा चाखून पाहिलं. "खारट आहे," तो म्हणाला. "आई, आधी सेरिझावा-सानकडे जाऊन ये. ते सगळे आकडे त्यांच्या हातांनी लिहिलेत."

गुरुवारी सकाळी कामावर जाण्याआधी ती गेली. सेरिझावा-सान निवृत्तीनंतर वडिलांच्या शेतावर राहायला गेले होते. डोंगरातलं झऱ्याचं पाणी तिथे वाफ्यांतून सतत वाहतं आणि त्या वाहत्या पाण्यात हिवाळ्याची हिरवी भाजी वाढते. ते गुडघाभर रबरी बूट घालून पाण्यात उभे राहून भाजी कापत होते.

"सेरिझावा-सान, एक विचारू का?"

"एकच विचारा. पाणी फार गार आहे."

"मी सहा म्हटलं की तुम्ही काय लिहायचात?"

त्यांनी हातातली जुडी पाण्यात दोनदा बुचकळली, झटकली. "पाच."

"नेहमी?"

"नेहमी."

"आणि सात म्हटलं तर?"

"सहा. त्यापेक्षा अवघड गणित मला येत नाही."

फुमिए बांधावर बसली. बांध ओला होता. "मला वाटायचं तुम्ही चहा पिताय."

"कधी?"

"मी आकडा सांगितल्यावर. गप्प असायचात ना."

"चहाने माझं पोट दुखतं. जन्मात कधी प्यालो नाही. तुम्हीच तर ऑफिसात माझ्यासाठी गरम पाणी ठेवायचात."

ते खरं होतं. रोज ठेवायची.

"मला कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही एक जास्त सांगताय हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"होतं."

"मग झालं की. तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. दिवे बरोबर निघत होते. तुमच्या तोंडावर वजाबाकी करायची म्हणजे तुम्हाला खोटं पाडायचं. माझ्या जिवावर आलं ते."

"ओशिकिरी-साननाही नाही सांगितलंत."

सेरिझावा-साननी पुढची जुडी कापायला घेतली. पाणी वाहत होतं. "त्याला चौदा पानांचं टिपण लिहून दिलं मी," ते म्हणाले. "बोगद्याची चावी कुठे असते, रुळाला तेल कधी घालायचं, सगळं त्यात आहे. हे मात्र कसं लिहायचं तेच कळेना. दोन रात्री बसलो. कात्सुमाता-सानच्या आकड्यातून एक वजा करावा, असं एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. तुमच्याबद्दल असं लिहून ठेवून जायचं म्हणजे..." त्यांनी विळा बांधावर ठेवला. "तुमच्या भिडेपायी एक वाढायचा. माझ्या भिडेपायी एक राहून गेला."

जाताना त्यांनी तिला दोन जुड्या दिल्या. एक तिला, एक ओशिकिरीला.

ओशिकिरी आपल्या टेबलाशी भाताचा मुटका खात होता. फुमिएने भाजीची जुडी त्याच्यासमोर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मंगळवारचा सहा होता ना, तो पाच होता."

"मशीन बिघडलं होतं का?"

"नाही. मीच एक जास्त सांगितला."

"मंगळवारी एकदाच?"

"नेहमी सांगते."

ओशिकिरीने मुटका खाली ठेवला. "नेहमी म्हणजे मी आल्यापासून?"

"एकतीस वर्षांपासून."

त्याचा चेहरा उतरला. त्याची नजर खिडकीबाहेर गेली, तिथून मोठ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या दिसत होत्या. तो काय मोजतो आहे ते फुमिएला कळलं.

"ते दिवे बरोबर आहेत," ती घाईने म्हणाली. "सेरिझावा-सान एक वजा करून लिहायचे. तुम्ही आल्यानंतरचा हा पहिलाच दिवा."

"म्हणजे तुमचं दोघांचं ठरलेलं होतं."

"नाही. या विषयावर कधी बोलणंच झालं नाही. मला आज सकाळी कळलं."

"तीस वर्षं तुम्ही मिळवत होतात, ते वजा करत होते, आणि दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नाही."

"एकतीस."

"आमच्या ओसाकात हे तीस मिनिटंही टिकलं नसतं, कात्सुमाता-सान. पहिल्याच दिवशी भांडण, संध्याकाळी एकत्र जेवण आणि दुसऱ्या दिवशी खरा आकडा." त्याने जुडी उचलून वास घेतला. "चला. बोगद्यात."

पहिल्या फेरीला त्याने विचारलं, "किती?"

"पाच." मग क्षणभराने, "साडेपाच."

"कात्सुमाता-सान."

"माफ करा. पाच."

त्याने लेझर थोडा उतरवला. दुसरी फेरी झाली. "आता?"

"सहा."

"हे डोळ्याचं की जिभेचं?"

"जिभेचं," फुमिए म्हणाली. तिचे कान तापले होते. खरं सांगायचं ठरवून आली होती, पण आकडा ओठांवर येता येता आपणच वाढत होता. त्याला तिचा इलाज नव्हता.

ओशिकिरी बोगद्यातून चालत आला. त्याच्या मागे लांबलचक वायर होती आणि हातात एक काळं बटण. जुन्या रेडिओचं आवाज कमी-जास्त करायचं असतं तसं, गोल. ते त्याने तिच्या मांडीवर ठेवलं. "आता बोलायचंच नाही. फिरवायचं. तुम्हाला बरं वाटेल तिथे सोडायचं. आकडा मी माझ्या बाजूला वाचतो. तुम्ही मला काही सांगितलंच नाहीत, मग कसली भीड?"

फुमिएने बटण हातात घेतलं. एकतीस वर्षांत तिच्या हाती प्रथमच दिवा आला होता.

दिवा आला. तिने बटण डावीकडे वळवलं. उजेड उतरला, अजून उतरला आणि एकदम विझला.

"हा मेला," ती म्हणाली.

"लेझर असाच. एका पातळीच्या खाली मंद जळत नाही, मरतोच. थांबा, दुसरी पद्धत लावतो. पेटता ठेवायचा, पण सेकंदाला हजार वेळा उघडझाप करायची. डोळ्याला तो मंदच वाटतो."

पुढच्या फेरीला उजेड अलगद उतरला. फुमिएने मान वळवली, पुन्हा सरळ केली. "मणी दिसतात."

"कसले मणी?"

"नजर फिरवली की उजेडाचे मणी सांडल्यासारखे दिसतात. ओळीने."

"ते माणसाला दिसत नाहीत."

"बरं," फुमिए म्हणाली.

ओशिकिरी थोडं थांबला. "बरं म्हणजे दिसतात?"

"दिसतात."

त्याने उघडझापीचा वेग पाचपट केला. मणी गेले. दुपारी तीनपर्यंत त्यांनी बावीस फेऱ्या केल्या. तिचा हात दरवेळी जवळजवळ एकाच जागी थांबत होता. ओशिकिरीने तो आकडा जुन्या नोंदींशी ताडून पाहिला. सेरिझावा-सानच्या हातचे सगळे दिवे तिथेच होते, केसभर इकडेतिकडे.

"तुमचा डोळा एकतीस वर्षांत हललेला नाही," तो म्हणाला. कौतुकाने नाही, तक्रार केल्यासारखा म्हणाला. फुमिएला ते दिवसभर पुरलं.

शुक्रवारचा शिक्का एक आठवडा पुढे गेला. वर काय कारण सांगितलं, ते तिला कॅन्टीनमध्ये कुणाकडून तरी कळलं. ती सरळ त्याच्या टेबलाशी गेली.

"आकडा वाचताना तुमची चूक झाली, असं सांगितलंत म्हणे."

"हो."

"चूक माझी होती."

"एका गुणाचं खोटं चालतं इथे, असं ऐकलंय मी," ओशिकिरी म्हणाला आणि कागदात डोकं घातलं.

आता उजेड वर चढण्याचं तेवढं राहिलं होतं. दिवा खाली बरोबर यायचा, पण गाडी गेली रे गेली की झटकन वर उसळायचा. बटणाने ते जमेना. जागा मिळत होती, चाल मिळत नव्हती.

"कसा हवाय?" ओशिकिरीने विचारलं. "आकडा नको. नुसतं सांगा."

फुमिएने विचार केला. "तुम्ही कुणाला वाकून नमस्कार करता तेव्हा मान लगेच वर काढता का?"

"आम्ही ओसाकाचे लोक काढतो."

"म्हणूनच तुमचा दिवा असा आहे." हे आपण बोललो यावर तिचा विश्वास बसेना. पलीकडून हसू ऐकू आलं तेव्हा ती पुढे म्हणाली, "मला शाळेत शिकवलं होतं. एका श्वासात वाकायचं, एक श्वास तसंच राहायचं, एका श्वासात वर यायचं. समोरचा वर येतोय का ते वाकल्यावाकल्या बघायचं नाही."

"श्वास म्हणजे किती सेकंद?"

"माझा मोजा."

त्याने खरोखर मोजला. वायरलेस तोंडाशी धरून ती श्वास घेत राहिली आणि तो दोनशे मीटरवर घड्याळ घेऊन बसला. उतरताना पुरा श्वास परवडणारा नव्हता, समोरच्याला तेवढ्यात त्रास झालाच असता. म्हणून उतरणं चटकन ठेवलं. थांबणं आणि चढणं मात्र तिच्या श्वासाचं घेतलं.

पुढच्या बुधवारी शेवटची फेरी झाली. नियमाप्रमाणे बटण चालणार नव्हतं. कागदावर माणसाच्या तोंडचा आकडा लागतो.

आदल्या रात्री तिने तादाओच्या सुपाला पाच दिले होते. तादाओने वाटी संपवली आणि म्हणाला, "स्वयंपाकघरात आल्यापासून पहिल्यांदा कुणी माझं सूप खरोखर प्यायलं." सकाळी सुपात मीठ बेताचं होतं.

फुमिए गाडीत बसली. पाठीशी उशी, बाजूला बार्लीच्या चहाचा फ्लास्क. दोन्ही हात चाकावर.

"तयार?"

"तयार."

दिवा आला. दूरवरून तो तिला ओळखल्यासारखा खाली झाला. रस्ता दिसत होता, पट्टा दिसत होता, पट्ट्याच्या कडेला उडालेला रंगाचा टवका दिसत होता. गाडी बाजूने निघून गेली. दिवा एक श्वास तसाच राहिला. मग हळूहळू वर आला.

बोगद्यात पुन्हा अंधार झाला.

"कात्सुमाता-सान," ओशिकिरी म्हणाला, "तुम्ही आत्ता मान लववलीत."

"कधी?"

"दिवा खाली आला तेव्हा."

"नाही हो."

"गाडीत तुमच्या डोळ्यांवर रोखलेला कॅमेरा आहे ना, त्यात आलंय. दिवा वाकला आणि तुम्ही उलट नमस्कार केलात. दाखवू?"

"नको," फुमिए म्हणाली. तिने मानेवरून हात फिरवला.

"बरं. आकडा सांगा."

तिने डोळे मिटले. डोळ्याच्या कडेला पाणी नव्हतं.

"आठ."

वायरलेसवर काही ऐकू आलं नाही. एक सेकंद गेला, दोन गेले, तीन गेले. तिला गरम पाण्याचा पेला आठवला.

"वजा करताय का?" तिने विचारलं.

"नाही," ओशिकिरी म्हणाला. "लिहितोय. आठ."

फुमिएने फ्लास्क उघडला आणि चहा ओतून घेतला.